आजारपण कुणी काढलं?

"त्यांनी त्याचं म्युझियम केलं, सर. आपण अजून अंगारा लावतोय."

डॉक्टर एवढंच बोलले आणि माझ्या मोबाइलवरचा फोटो त्यांनी बोटानं पुढं सरकवला. संध्याकाळचं फिरणं आटोपून आम्ही दोघं तासगावच्या गणपतीच्या देवळासमोर चहाला थांबलो होतो. ग्रीसचा प्रवास मी त्यांना दाखवत होतो आणि ते सोसत होते. वाक्य सहज टाकलेलं होतं. पण तीन महिने झाले, ते डोक्यातून जात नाही. बेदाणे खाताना दाढेत काडी अडकावी तसं झालंय. दुखत काही नाही, पण जीभ सारखी तिथंच जाते.

फोटो एपिडॉरसचा होता. अस्क्लेपिअस हा ग्रीकांचा वैद्यदेव आणि एपिडॉरस हे त्याचं मुख्य ठाणं. मरताना सॉक्रेटिसला ज्याच्या नावाचा कोंबडा द्यायचा राहिला होता तोच हा देव. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पुन्हा सांगत नाही. काठीला वेटोळं घातलेला एक साप ही त्याची खूण. डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर मात्र दोन साप आणि वर पंख असलेली काठी चिकटवलेली आहे. ती हर्मिसची. हर्मिस हा निरोप्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही देव. १९०२ साली अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय दलानं ती काठी आपल्या गणवेशावर घेतली आणि घोटाळा पसरत गेला. हे मी डॉक्टरांना दोनदा सांगितलंय. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

आम्ही गेलो होतो ते मुलामुळं. तो नोकरीला जर्मनीत असतो, त्यानं आई-बापाला आठवडाभर ग्रीस दाखवला. एपिडॉरसला आमची बस थेट थिएटरशी थांबली. सुमारे चौदा हजार माणसं बसतील एवढं ते दगडी थिएटर. गाइडनं मधोमध उभं राहून नाणं टाकलं, त्याचा आवाज वरच्या पायरीवर आला, टाळ्या पडल्या, आणि निम्मे लोक आइस्क्रीमकडं वळले. मूळ देवस्थान पलीकडं, पाइनच्या झाडांतून थोडं चालत जावं लागतं. तिकडं आम्ही सात-आठ जणच गेलो. गुडघ्याएवढ्या भिंती, उन्हात तापलेला चुनखडी दगड, मधूनच पाली. एका लांबट इमारतीचे काही खांब पुन्हा उभे केलेत. तिचं नाव आबाटॉन, म्हणजे जिथं कुणीही उठून पाऊल टाकायचं नाही अशी जागा. रोगी आंघोळ करून, बळी वाहून, रात्री इथं येऊन झोपायचा. देव स्वप्नात यायचा. कधी नुसता हात फिरवायचा, कधी औषध सांगायचा, कधी सरळ पोट फाडून पुन्हा शिवायचा. सकाळी माणूस उठून घरी.

या हकिकती त्यांनी शिळांवर कोरून देवळापाशी उभ्या केल्या होत्या. पानागिओटिस काव्वादिआस या ग्रीक संशोधकानं १८८१पासून तिथं उत्खनन केलं, त्यात त्या शिळा सापडल्या. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या सुमारे ७० हकिकती आज वाचता येतात. युफानिस नावाच्या पोराला मूतखडा होता. स्वप्नात देवानं विचारलं, तुला बरं केलं तर मला काय देशील? पोरगं म्हणालं, दहा सागरगोटे. ग्रीक पोरं मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी खेळत, आपल्याकडं पोरी बियांनी खेळतात, एवढाच फरक. देव हसला आणि म्हणाला, बरं. दुसरी एक अँब्रोशिया, अथेन्सची, एका डोळ्यानं आंधळी. ती या हकिकती वाचून हसली होती, नुसत्या स्वप्नानं लंगडे चालायला कसे लागतील म्हणून. देवानं तिचा डोळा बरा केला, पण आधी अट घातली, की देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं, तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून. आपल्याकडं देवीला चांदीचे डोळे वाहतात. डुकराची कल्पना आपल्या देवांना अजून सुचलेली नाही, नाहीतर डॉक्टरांचा बराच खर्च झाला असता.

माझी बायको त्या दगडांवर बसली, पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "हे आपलं औदुंबरच की."

मी आजवर जी काही ग्रीसवरची पुस्तकं वाचली त्यांतल्या एकातही हे एवढं स्वच्छ लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडून भिलवडी फार लांब नाही. आमच्या लहानपणी ती तासगाव तालुक्यातच होती, पलूस तालुका नंतर झाला. भिलवडीच्या काठाला भुवनेश्वरीचं देऊळ, मधे कृष्णा, आणि पलीकडच्या काठाला औदुंबर, जिथं नृसिंह सरस्वतींनी एक चातुर्मास काढला. गुरुचरित्रातल्या सतराव्या अध्यायाची कथा इथलीच. करवीरचा एक मतिमंद ब्राह्मणपुत्र लोकांच्या हेटाळणीला कंटाळून भुवनेश्वरीसमोर येऊन पडला. उपाशी राहिला. देवी बोलेना तेव्हा त्यानं जीभ कापून तिच्या पायाशी ठेवली. मग देवी स्वप्नात आली आणि म्हणाली, पलीकडच्या काठाला औदुंबराखाली यती आहेत, त्यांच्याकडं जा. तो नदी उतरून गेला. त्याला जीभही मिळाली आणि विद्याही.

देवळात जाऊन पडणं, उपास, स्वप्न, गुण. एपिडॉरसच्या शिळेवर हे जसंच्या तसं कोरता आलं असतं. फरक इतकाच, की त्यांच्या देवळात साप मोकळे फिरत आणि आमच्या नदीत मगरी. आणखी एक फरक आहे, तो मला जास्त आवडतो. आमची दैवतं रोग्याला दुसरीकडं पाठवतात. गुरुचरित्रातच नंदी नावाच्या ब्राह्मणाला कोड फुटलं, तो तुळजाभवानीकडं राहिला. तिनं स्वप्नात सांगितलं, चंदला परमेश्वरीकडं जा. चंदलेनं सांगितलं, गाणगापूरला नृसिंह सरस्वतींकडं जा. तो चिडला, देवी असून मला माणसाकडं काय पाठवतेस म्हणून. आज तासगावातून सांगली, सांगलीतून मिरज, मिरजेतून पुणं अशा चिठ्ठ्या घेऊन फिरणारा पेशंट याच सुरात चिडतो.

मराठीनं या सगळ्याची सोय शब्दांतच करून ठेवली आहे. स्वप्नात देव येऊन सांगतो त्याला आपण दृष्टांत म्हणतो, आणि वर्गात मी अलंकार शिकवताना फळ्यावर लिहायचो तोही दृष्टांतच. उपचार दवाखान्यात होतात आणि षोडशोपचार देवघरात. उतारा विषावर असतो आणि तिठ्यावर लिंबू-भाताचाही असतो. (तलाठ्याकडचा सातबाऱ्याचा उतारा तिसरा. त्यासाठीही पूर्वी बरंच काही ओवाळून टाकावं लागे.) औषधाचा गुण येतो, वैद्याच्या हाताला गुण असतो, नरसोबाच्या वाडीच्या तीर्थालाही गुण असतो. भाषेनं देव आणि वैद्य यांच्यामध्ये भिंत घातलीच नाही, एकच ओसरी दोघांना दिली.

हे मी डॉक्टरांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "शब्द एक असला म्हणून वस्तू एक होत नाही. पोळी आणि मधमाशीचं पोळं शेजारी शेजारी ठेवून बघा."

डॉक्टरांशी भांडणं सोपं नाही. ते मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकले. नरेंद्र दाभोलकरही त्याच कॉलेजचे आणि मूळचे साताऱ्याचे, याचा डॉक्टरांना जवळच्या नात्याचा असावा तसा अभिमान आहे. चाळीस वर्षं त्यांनी या तालुक्यात दवाखाना चालवला. मी आबाटॉनबद्दल हळवा होऊन बोलायला लागलो की ते एकच गोष्ट काढतात. ऊसतोडीच्या टोळीतलं आठ-नऊ वर्षांचं पोरगं, पायाला घोणस चावलेली. आधी मारुतीच्या देवळात नेलं, कडुलिंबाचा पाला खायला घातला, कडू लागत नाही म्हणाला की विष चढलं असं धरायचं. दोन तासांनी यांच्या दारात आणलं. "पाला त्याला शेवटपर्यंत कडूच लागला, सर. लघवीतून रक्त जात होतं." २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचार घेण्यापासून रोखणं हा गुन्हा ठरवला आहे, तो या पोरासारख्यांसाठी. या गोष्टीवर माझ्याकडं उत्तर नाही, आणि ते असावं असंही मला वाटत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा शिळांचा. "जे बरे झाले नाहीत त्यांचे दगड कुठं आहेत?"

हा प्रश्न जुना आहे. सॅमोथ्रेस बेटावरच्या देवळात वादळातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेली चित्रं होती. ती दाखवून डायागोरास नावाच्या नास्तिकाला कुणीतरी म्हणालं, बघ, देव माणसांची काळजी घेतात की नाही. तो म्हणाला, जे बुडाले त्यांनी चित्रं कुठं काढली? सिसरोनं ही गोष्ट नोंदवली आहे. डॉक्टरांनी सिसरो वाचलेला नाही, स्वतःच्या डोक्यानं तिथवर गेले, याचं मला कौतुक वाटलं. मी ते बोलून दाखवलं नाही. उलट विचारलं, "पेपरात पानपान जाहिराती येतात, गुडघ्याची यशस्वी शस्त्रक्रिया, हसरे पेशंट, शेजारी डॉक्टर. त्यात बुडालेले कुठं असतात?" ते म्हणाले, "मी कधी जाहिरात दिली नाही." ते खरं आहे. पण ते उत्तर झालं नाही.

इथं मला माझं आवडतं हत्यार काढावं लागलं. आजार वेगळा आणि आजारपण वेगळं. आजार शरीरात असतो, आजारपण घरात. आजार बरा होतो, आजारपण काढावं लागतं. "तिनं सासूचं सगळं आजारपण काढलं" असं आपण म्हणतो. त्या "काढलं"मध्ये मध्यरात्रीचं भांडं, कुशीवर वळवणं, पाठीला पावडर, पेज गाळणं, शिव्या ऐकून घेणं, हे सगळं आलं. डॉक्टर आजार बरा करतो, पण "डॉक्टरनं त्याचं आजारपण काढलं" असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर हसतील. माझं म्हणणं असं, की आधुनिक दवाखान्यानं आजार उचलला आणि आजारपण बाहेर फेकलं. जुन्या देवस्थानांनी मात्र आजारपण सांभाळलं. त्यांच्याकडं औषध नव्हतं, म्हणून त्यांनी माणसाला राहायला जागा दिली, दिवसाला एक क्रम दिला. पहाटे आंघोळ, प्रदक्षिणा, पारायण, एकभुक्त, संध्याकाळची पालखी. नरसोबाच्या वाडीला आजही माणसं महिना-महिना "सेवेला" राहतात. त्यांना विचारलं, काय करता, तर औषध घेतो असं सांगत नाहीत, सेवा करतो म्हणतात. रुग्ण तिथं पडून नसतो, तो कामाला लावलेला असतो. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांबद्दल अशीच गोष्ट सांगतात. प्लेगनं आजारी पडले, तेव्हा मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाण्याची सेवा करायला सांगितलं गेलं, गायले, आणि वाचले. खरंखोटं मिरासाहेब जाणोत. १९३७ला खाँसाहेब गेले ते मद्रासकडच्या प्रवासात, पण त्यांना आणून पुरलं ते त्याच दर्ग्याच्या आवारात.

वाडीचा विषय निघाला की मी बासुंदीवर घसरतो, आणि कृष्णाकाठच्या वांग्यांवर. पण यालाही एपिडॉरसमध्ये जोड आहे. तिथं वाहिलेला बळी हद्दीच्या आतच खाऊन संपवायचा, घरी न्यायचा नाही असा नियम होता. आपल्याकडंही काही जत्रांत कंदुरीचं मटण शिवेबाहेर नेत नाहीत. देवाचं जेवण देवाच्या दारात, सगळ्यांनी बसून. आणि खाण्यावर आलोच आहे तर तासगावचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. एपिडॉरसच्या आदल्या दिवशी आम्ही कोरिंथला होतो. तिथल्या संग्रहालयात अस्क्लेपिअसला वाहिलेले भाजलेल्या मातीचे हात, पाय, कान, स्तन, बोटं काचेआड मांडली आहेत. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात तेच हे, फक्त दोन हजारांहून जास्त वर्षं जुनं. सगळे ते बघत होते. मी बसमधून उतरल्यापासून द्राक्षं बघत होतो. इंग्रजीत काळ्या बारीक बेदाण्याला करंट म्हणतात, तो शब्द या कोरिंथवरून आला. वेल खुजे, मांडव नाही. आमच्याकडची तास-ए-गणेश ही जात तासगावचीच, नावातच गाव आणि गणपती दोन्ही आहेत. रस्त्याकडेच्या एका बागायतदाराला मी खुणांनी विचारलं, छाटणी वर्षातून किती वेळा? त्यानं एक बोट दाखवलं. मी दोन दाखवली. तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला, जणू मी वेलाला वर्षातून दोनदा बाळंत करतो म्हणालो. तेव्हा वाटलं, आबाटॉनमध्ये झोपून आपल्या द्राक्षवेलीलाही एखादं स्वप्न पडायला पाहिजे.

असो. आजारपणाची माझी मांडणी पक्की होती आणि ती घेऊन मी लिहायला बसलो होतो. लेखाचं शेवटचं वाक्यसुद्धा तयार होतं. त्यात दवाखान्याला चार शब्द सुनावले होते.

पौसानिअसनं घोळ घातला. हा दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी, आपल्या भाषेत सांगायचं तर गावोगाव हिंडून स्थळमाहात्म्यं टिपणारा माणूस. एपिडॉरसला तो गेला तेव्हा शिळा सहाच उरल्या होत्या, पूर्वी जास्त होत्या असं तो सांगतो. पण त्याच्या आधी तो एक साधी ओळ टाकून जातो. देवाच्या हद्दीत कुणी मरायचं नाही आणि कुणी बाळंत व्हायचं नाही. सोवळं. मग जे मरणाला टेकलेले असत त्यांचं काय? ते हद्दीबाहेर उघड्यावर प्राण सोडत, आणि देवस्थानाच्या परिसरातल्या बायका आडोशाशिवाय बाळंत होत. पौसानिअसच्याच काळात अँटोनायनस नावाच्या एका रोमन सिनेटरानं त्यांच्यासाठी एक इमारत बांधून दिली, तोवर असंच चाललं होतं. म्हणजे शतकानुशतकं.

हे मी पूर्वीही वाचलं असणार. पण या वेळी डोळा तिथं अडला. ज्या देवस्थानाला मी आजारपणाचं माहेर म्हणत होतो, त्यानं आजारपण दाराबाहेर काढलं होतं, "काढणं" या शब्दाच्या दुसऱ्या अर्थानं. आत घेतला होता तो फक्त आजार, तोही बरा होण्यासारखा दिसणारा. मरणारा माणूस आत मेला तर शिळा खोटी पडली असती. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं. बुडालेल्यांचे दगड नाहीत, कारण त्यांना पाण्यातच ठेवलं होतं.

मग मी शिळांवरच्या हकिकती पुन्हा वाचायला काढल्या, या वेळी रोग्यासोबत कोण आलं होतं ते शोधत. नाव असतं रोग्याचं, त्याच्या गावाचं, रोगाचं आणि देवाचं. बरोबर आलेल्याचं बहुतेक नसतंच. आंधळा माणूस एकटा डोंगर चढून आला? पक्षाघात झालेला चालत आला? एक हकीकत मात्र अशी आहे, की तिच्यात सोबतचं माणूस टाळताच आलेलं नाही. स्पार्टाची आराटा, तिला जलोदर. ती स्पार्टातच राहिली. तिची आई एपिडॉरसला आली आणि मुलीच्या जागी आबाटॉनमध्ये झोपली. स्वप्नात तिला दिसलं, की देवानं मुलीचं डोकं कापून धड उलटं टांगलं, सगळं पाणी वाहून जाऊ दिलं आणि डोकं परत बसवलं. ती घरी गेली तर मुलगी बरी, आणि तिलाही तेच स्वप्न पडलेलं. दगडावर नाव आहे आराटाचं. आईचं नाव नाही. ती नुसती "आई".

मला मिरज आठवली. १९८३ साली माझ्या वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन तिथल्या एका दवाखान्यात झालं. दवाखाने हाच मिरजेचा धंदा, विल्यम वानलेस या कॅनडातून आलेल्या मिशनरी डॉक्टरानं १८९४ला तिथं रुग्णालय सुरू केल्यापासून. वडील एकोणीस दिवस होते. आई मागं म्हशी आणि आम्हा चौघांना सांभाळत होती, म्हणून मिरजेला राहिली ती आत्या. ती एकोणीस रात्री पॅसेजमध्ये झोपली, फरशीवर, एक चटई आणि वळकटी केलेलं लुगडं. मी दोन रात्री तिच्याजवळ होतो. दोन्ही भिंतींच्या कडेनं माणसं पसरलेली, उशाला पितळी डबे, पायाशी चपला, एक्सरेचं मोठं पाकीट चटईखाली सपाट ठेवलेलं, दुमडू नये म्हणून. कवठे महांकाळकडची एक बाई रात्रभर उठून दाराच्या काचेतून आत बघायची आणि परत येऊन सांगायची, "मालक झोपल्यात." कुणी विचारलेलं नसायचं. मला कसलाही दृष्टांत झाला नाही. पहाटे पाचला झाडणारी बाई बादली घेऊन आली, "उठा, उठा, फरशी पुसायची हाय," आणि आम्ही सगळे चटया गुंडाळून जिन्यावर जाऊन बसलो.

वडील वाचले. पुढं वीस वर्षं ते सांगत, मला डॉक्टरांनी वाचवलं. आई सांगे, वाडीच्या महाराजांनी वाचवलं, अंगारा उशाखाली ठेवला होता. या दोन पक्षांत घरात कधी भांडण झालं नाही, दोघं एकमेकांना मान डोलवत. आत्या समोर बसून शेंगा फोडत असायची. तिनं आजारपण काढलं होतं. पण कुणी कुणाला वाचवलं याच्या हिशोबात ती येत नव्हती.

तर मी आता उलट बाजूला येऊन पोचलो आहे, आणि हे लिहिताना मला थोडं अवघडल्यासारखं होतंय. एका बाजूला देवस्थान आणि दुसऱ्या बाजूला दवाखाना असं मी मांडत होतो. पण देव आणि डॉक्टर एकाच बाजूला आहेत. दोघांनाही आजार पाहिजे. दोघंही श्रेय घेतात, दोघंही सोवळं पाळतात, दोघांच्याही दाराबाहेर कुणीतरी फरशीवर पडलेलं असतं. आबाटॉनची खरी जागा आज आयसीयूच्या बाहेरचा पॅसेज आहे. आतल्या माणसाला भूल दिलेली असते, त्याला स्वप्नं पडत नाहीत. स्वप्नं बाहेरच्यांना पडतात. सकाळी दार उघडतं आणि आतून कौल येतो.

अपवाद आहेत. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले १८९७च्या प्लेगात पुण्याजवळ मुलाच्या दवाखान्यात रोग्यांसाठी राबल्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी स्वतः उचलून आणलं आणि १० मार्चला प्लेगनं गेल्या. त्या ना वैद्य ना देव. पण सावित्रीबाईंना आपण शाळेसाठी लक्षात ठेवतो. आजारपणासाठी कुणाला लक्षात ठेवायची आपल्याला सवय नाही.

हे सगळं मी परवा डॉक्टरांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे मी आणि पुजारी एकाच माळेचे मणी."

"बसलाय तरी शेजारी."

"आम्ही नातेवाइकाची सही घेतो, सर. ऑपरेशनच्या आधी. नाव, नातं, सगळं लिहून घेतो. तुमच्या दगडावर नसेल, आमच्या कागदावर असतं."

हा मुद्दा त्यांनी जिंकला. संमतिपत्रावर आत्याचा अंगठा नक्की असणार. पण तो कागद दवाखान्याकडं राहतो, आणि एवढ्या वर्षांत रद्दीत गेला असेल. आपल्याकडं येतं ते डिस्चार्ज कार्ड. वडिलांचं माझ्याकडं आहे, घरपट्टीच्या पावत्यांबरोबर पिशवीत. दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन गेलो. डॉक्टरांनी चष्मा चढवून वाचलं. नाव, गाव, वय, रोग, ऑपरेशन, सर्जनचं नाव. त्यांनी सर्जनला ओळखलं, टाके कसे घातले असतील त्यावर थोडं बोलले. मग कार्ड उलटं केलं.

"हे पेन्सिलीनं काय लिहिलंय?"

माझंच अक्षर होतं. आत्याला लिहिता येत नव्हतं, तिनं सांगितलेलं मी उतरवलं असणार. दूध, मोसंबी चार, टांगा, पेज करणाऱ्या बाईला दोन रुपये, पुन्हा दूध. शेवटची ओळ खोडलेली होती. उजेडाकडं धरून पाहिलं तर "चटई" असा शब्द लागला.